अमेरिकेचा पासपोर्ट, मुंबईचं घरभाडं : करात या चुका टाळा

अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड घेतलेली बरीच मराठी मंडळी नोकरीसाठी पुन्हा मुंबईत येतात. इथे टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) कापला गेला तरी अमेरिकेचं रिटर्न भरावंच लागतं, आणि घोटाळा होतो तो त्या रिटर्नमध्ये परदेशातल्या घरखर्चासाठी मिळणाऱ्या सवलतीत.

सगळं भाडं उत्पन्नातून वजा होतं, हा पहिला गैरसमज. २०२५ साठी पूर्ण वर्षाचे पहिले २०,८०० डॉलर हिशेबात धरतच नाहीत. त्यावरचा खर्चच वगळता येतो, तोही शहराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत. वांद्र्यात महिना २ लाखांचा फ्लॅट असेल, तर वर्षाचे २४ लाख झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे सुमारे २८,२०० डॉलर. म्हणजे सवलत मिळाली जेमतेम ७,४०० डॉलरवर. लाइटबिल, गॅस, पार्किंग धरता येतं. डिपॉझिट धरू नका, ते परत मिळणार असतं. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, फोनचं बिल, नवा सोफा, गृहकर्जाचा हप्ता, यातलं काहीच चालत नाही.

कंपनीने भाड्याने घेऊन दिलेल्या घराबाबत तर अनेकजण फॉर्म १६ मधला, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार-टीडीएसच्या दाखल्यातला, आकडा तसाच उचलतात. तो चुकतो. भारतातल्या करासाठी मुंबईतल्या अशा घराचं उत्पन्नात धरायचं मूल्य पगाराच्या १० टक्के किंवा प्रत्यक्ष भाडं, यांतलं कमी असेल ते धरतात. पगार ६० लाख असेल तर ६ लाख. अमेरिका मात्र त्याच घराचं बाजारभावाचं भाडं तुमचं उत्पन्न मानते, म्हणजे २४ लाख. शिवाय फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा आणि अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. म्हणून भाड्याच्या पावत्या महिन्यावार ठेवा.

आता माझं स्पष्ट मत. चांगला पगार असेल तर ही सवलत घेण्याआधी भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे अमेरिकेच्या करातून मिळणारी तेवढी वजावट, मांडून बघा. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वर ३० टक्के कर लागतो, त्यामुळे बऱ्याचदा क्रेडिटनेच अमेरिकेचा कर शून्यावर येतो, आणि उरलेलं क्रेडिट १० वर्षं पुढे नेता येतं. वगळलेल्या उत्पन्नावरच्या कराचं क्रेडिट मात्र मिळत नाही. दोन्ही हिशेब सीएकडून शेजारी-शेजारी मांडून घ्या. एकदा घेतलेली सवलत सोडली, तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) परवानगीशिवाय ५ वर्षं ती पुन्हा घेता येत नाही.