कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर: लाईटीच्या कामाचे इंग्रजी शब्द कसे शिकायचे

माझा पुतण्या वायरमन आहे, मोटारीचं वाइंडिंग डोळे झाकून करतो. वाळूजला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेला तर साहेबानं विचारलं पंख्यात कपॅसिटर कशाला असतो, अन् हा गप्प. कामून तर आपल्याकडं त्याला कंडेन्सर म्हणतात. रोज हातानं बदलतो ती वस्तू पण कंपनीतलं नाव माहीत नव्हतं, मला लै वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय. कंडेन्सर हा शब्द चूक नाही बरं का, इंग्रजीतच ते जुनं नाव होतं, आता कपॅसिटर म्हणतात.

तर एक वही करा, पानावर तीन रकाने पाडा. आपला शब्द, इंग्रजी शब्द, अन् ती वस्तू कुठं बघितली. तिसरा रकाना सोडू नका, वस्तू डोळ्यापुढं आली की शब्द डोक्यात बसतो. दिवसाला पाचच शब्द घ्या.

सुरुवात आपल्या बोलण्यापासून करा. लाईट गेली म्हणजे पॉवर कट. करंट लागला म्हणजे इलेक्ट्रिक शॉक. शॉट झालं म्हणजे शॉर्ट सर्किट. बटन म्हणजे स्विच. आपण भिंतीतल्या भोकांना प्लग म्हणतो पण ते सॉकेट, प्लग म्हणजे आपली पिन. गावातली डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. फेजच्या वायरीला लाइव्ह पण म्हणतात, स्पेलिंग बघून लिव्ह वाचू नका.

व्होल्टेज आणि करंटमध्ये पोरं लै गोंधळतात. रानातली टाकी डोळ्यापुढं आणा, टाकी जेवढी उंच तेवढा पाण्याला दाब, तो दाब म्हणजे व्होल्टेज, पाईपातून वाहतं पाणी म्हणजे करंट, आणि बारीक पाईप अडवतो तो रेझिस्टन्स. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, अडथळा ओहममध्ये मोजतात. तिन्ही नावं माणसांची आहेत, व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा, म्हणून व्होल्टचा व्ही आणि अँपिअरचा ए कॅपिटल काढायचा. वॅटचा डब्ल्यू पण कॅपिटल, पण किलोवॅटमधला के स्मॉल.

आता आखाड्यावर (शेतावर) जा आणि मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो काढा. 5 एचपी (हॉर्सपॉवर), 3.7 किलोवॅट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आरपीएम असं काहीतरी दिसेल. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, गुणाकार करून बघा, 3.7 कुठून आलं ते कळेल. हर्ट्झमध्ये लाईटीची फ्रिक्वेन्सी मोजतात. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. ही एक पट्टी नीट वाचता आली तर कंपनीतल्या मशीनच्या पट्ट्या पण वाचता येतात, म्हणून इथं दोन दिवस लागले तरी चालतील.

मूलद्रव्यांची इंग्रजी नावं अन् खुणा शिकायला खताची गोणी काढा. एन पी के. एन म्हणजे नायट्रोजन, आपलं नत्र. पी म्हणजे फॉस्फरस, स्फुरद. के म्हणजे पोटॅशियम, पालाश. पोटॅशियमला के कसा, तर त्याचं लॅटिन नाव कॅलियम. असेच उलटे वाटणारे बाकीचे घ्या. वाइंडिंगचं तांबं म्हणजे कॉपर, खूण सी यू, क्युप्रम वरून. लोखंड आयर्न, एफ ई, फेरम वरून. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं शिसं पी बी, प्लंबम वरून, प्लंबर हा शब्द पण तिथूनच आला, कारण आधी पाईप शिशाचे असायचे. जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) पाईपावरचं जस्त म्हणजे झिंक, झेड एन. डायोडमधलं सिलिकॉन, एस आय.

खूण लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं स्मॉल, यात हयगय नको. सी कॅपिटल ओ स्मॉल म्हणजे कोबाल्ट धातू, अन् दोन्ही कॅपिटल केले की कार्बन मोनॉक्साइड, विषारी गॅस.

उच्चार मोबाईलच्या डिक्शनरीत स्पीकर दाबून ऐका, ऐकल्यावर तीनदा मोठ्यानं म्हणा, घरच्यांना काय वाटंल याचा विचार करू नका. शिशाचा उच्चार लेड, आणि मीटरच्या वायरीला म्हणतात ती लीड, दोन्हीचं स्पेलिंग एकच आहे, वहीत दोन वेगळ्या ओळींवर लिहा.