परदेशात चांगला बार कसा शोधावा

परक्या शहरात आधी बार नव्हे, वस्ती निवडावी. लिस्बनच्या बैरो आल्तोसारख्या भागात एक जागा आवडली नाही, तरी चार पावलांवर दुसरी सापडते. कॉफी देणाऱ्या तरुणाला ‘तुम्ही स्वतः कुठे जाता?’ असे विचारावे. ‘चांगला बार कोणता?’ या प्रश्नाला बहुधा पर्यटकी उत्तरच मिळते. माद्रिदमध्ये रात्री ११ वाजता क्लब ओस दिसला, तर तो वाईट ठरवू नये, कारण तिथली रात्र उशिरा रंगते. तोक्योतील गोल्डन गायच्या अरुंद गल्ल्यांत मात्र सुमारे २०० इवले बार असून, कित्येकांत जेमतेम सहा-आठ जण मावतात आणि पेयाखेरीज बसण्याचेही पैसे आकारले जातात, म्हणून दारावरची पाटी वाचूनच आत शिरावे. तिथली शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते; वेळ पहिल्या पेल्याआधीच पाहून ठेवावी.