एच१३ची क्रीप चाचणी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मेटलर्जीच्या प्रकल्पासाठी हॉट-वर्क टूल स्टील (गरम धातूला आकार देणाऱ्या साच्यांचं स्टील) घेतलंत, तर बहुधा एच१३च हाती येईल. सुमारे ०.४ टक्के कार्बन, ५ टक्के क्रोमियम, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या डाय याच्याच करतात, साधारण ४४ ते ४८ एचआरसी (रॉकवेल सी) कडकपणाला.

क्रीप चाचणीत नमुना तापवून त्यावर कायम वजन ठेवतात आणि तो हळूहळू किती लांबतो ते मोजतात. एक गोष्ट आधी मनात पक्की करा: चाचणी सुरू असताना हे स्टील आतून बदलत असतं. क्रीपचं तापमान हे त्याच्यासाठी टेम्परिंगचंच (कडक केलेलं स्टील पुन्हा तापवून चिवट करण्याचं) तापमान. तापमान आणि वेळ एकाच आकड्यात मोजणारं लार्सन-मिलरचं सूत्र घ्या, केल्व्हिनमधलं तापमान गुणिले (२० + तासांचा लॉग). ६०० अंश सेल्सिअसला दोन-दोन तासांची दोन टेम्परिंग, म्हणजे एकूण चार तास धरले, तर आकडा १७,९९० च्या आसपास येतो. ५५० अंशांवर तोच आकडा ७१ तासांत गाठला जातो. म्हणजे हजार तासांच्या चाचणीत बराचसा काळ तुम्ही मऊ होत चाललेलं स्टील मोजत असता. वक्रावर स्थिर टप्पा (लांबण्याचा वेग कायम राहतो तो) नीट दिसत नाही तो यामुळेच. त्याला मशीनचा दोष समजू नका.

म्हणून तुटलेल्या नमुन्याची कडकपणा मोजणी दोन जागी करा: गेजमध्ये (मधल्या बारीक भागात) आणि जाड डोक्यात (पकडीच्या टोकात). तापमान दोन्हीकडे जवळपास सारखं, ताण डोक्यात खूपच कमी. नुसत्या उष्णतेने किती मऊपणा आला आणि ताणाने किती भर घातली, हे या फरकातून कळतं. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी मोजणी दुसरी नाही, तरी अनेक अहवालांत ती नसते.

नमुना आधी कच्चा टर्न करा, व्यासावर अर्धा मिलिमीटर राखून. मग १०२० अंशांच्या आसपास हार्डनिंग (तापवून झटपट थंड करून कडक करणं), टेम्परिंग आणि शेवटी भरपूर कूलंट सोडून ग्राइंडिंग. पूर्ण मापाचा नमुना उघड्या भट्टीत घातला तर कातडीचा कार्बन जळतो आणि तो थर आधीच हार मानतो.

६ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ २८.२७ चौ.मिमी. ४०० एमपीए (न्यूटन प्रति चौ.मिमी) ताण हवा असेल तर ११,३१० न्यूटन लागतात. दहास एक लिव्हरवर सुमारे ११५ किलो वजनं. व्यास ०.१ मिमीने चुकला तर ताण तीनेक टक्क्यांनी चुकतो, आणि ताणाचा घातांक (क्रीपचा वेग ताणाच्या कितव्या घाताने वाढतो तो आकडा) ८ असेल तर क्रीपचा वेग जवळजवळ ३० टक्क्यांनी. मायक्रोमीटरने तीन जागी मोजा.

थर्मोकपल गेजच्या वर, मध्ये आणि खाली, नमुन्याला टेकवून बांधा. फरक २ अंशांच्या आत आला आणि तासभर टिकला की मगच वजन चढवा, तेही झटका न देता. नमुना आट्यांत किंवा खांद्याच्या गोलाईत तुटला तर संरेखन तपासा. तो निकाल सरासरीत घेऊ नका.

क्रायो (हार्डनिंगनंतर अतिथंड केलेल्या) आणि साध्या नमुन्यांची तुलना करायची असेल, तर टेम्परिंगनंतरचा कडकपणा दोन्हींत सारखा आणा. तो वेगळा असेल तर फरक क्रायोचा की कडकपणाचा, हे सांगता येणार नाही. प्रत्येक स्थितीचे निदान तीन नमुने लागतातच.