प्रिंट अडकली की आधी रांग बघा : विंडोजच्या प्रिंट स्पूलरबाबत या चुका टाळा

प्रिंट दिली, कागद आला नाही. म्हणून परत दिली. तरी नाही, म्हणून आणखी दोनदा. मग प्रिंटरची पिन काढून लावली, तेवढ्यात प्रिंटर जागा झाला आणि एकाच लाइट बिलाच्या चार प्रती धडाधड बाहेर पडल्या. वर शिव्या प्रिंटरला! तो बिचारा मिळेल तेवढं इमानेइतबारे छापत असतो.

कंट्रोल-पी दाबल्यावर मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे टळतात. विंडोजमधली ‘प्रिंट स्पूलर’ ही सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) आधी त्या कामाच्या फाइली डिस्कवर लिहून ठेवते आणि मग प्रिंटरला झेपेल तसा मजकूर पुढे सोडते. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत आत गेलं की ते फोल्डर सापडतं. दर कामाच्या सहसा दोन फाइली असतात. एसपीएल फाइलीत छापायचा मजकूर, तर एसएचडी फाइलीत कामाची माहिती : कोणी दिलं, कुठल्या प्रिंटरला, कोणत्या सेटिंगने. म्हणूनच प्रिंट दिल्यावर वर्ड बंद केलं तरी छपाई चालू राहते. आणि म्हणूनच प्रिंटर बंद केला तरी काम रद्द होत नाही, ते डिस्कवर वाट बघत बसतं.

तेव्हा पहिली चूक पुन्हा पुन्हा प्रिंट देण्याची. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जा, आपला प्रिंटर निवडा आणि क्यू, म्हणजे कामांची रांग, उघडा. तिथे सगळं कळतं. विंडोज १० वर त्याच खिडकीत ‘प्रिंटर’ मेनू उघडून ‘पॉज प्रिंटिंग’ किंवा ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ समोर टिक आहे का, तेही बघा. कोणाचा तरी चुकून क्लिक झालेला असतो आणि इकडे मेकॅनिकला फोन जातो.

‘डिलीटिंग’वर अडकलेलं काम

काम कॅन्सल केलं, पण ते ‘डिलीटिंग’ म्हणत तासन् तास तिथेच. अशा वेळी बहुतेक जण कॉम्प्युटर शटडाउन करून पुन्हा चालू करतात. उपयोग होत नाही, कारण एसपीएल फाइल डिस्कवर जशीच्या तशी असते. शिवाय विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. सिस्टमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो. खरोखर नव्याने सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करा.

पण खरा इलाज वेगळा आहे. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ गाठा, राइट क्लिक करून ‘स्टॉप’ करा. मग वर सांगितलेलं प्रिंटर्स फोल्डर उघडा. विंडोज परवानगी विचारेल, ‘कंटिन्यू’ म्हणा. आतल्या फाइली काढून टाका. फक्त फाइली, फोल्डर नाही. फाइल डिलीट होत नसेल तर सर्व्हिस अजून थांबलेली नाही असं समजा. शेवटी सर्व्हिस ‘स्टार्ट’ करा. एक लक्षात ठेवा : या फोल्डरमध्ये त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या प्रिंटरची कामं असतात. दुसऱ्या प्रिंटरवर कोणाचं काम थांबलेलं असेल तर तेही जाईल. आधी विचारून घ्या.

बसवतानाच होणारे घोळ

यूएसबी प्रिंटर साफसफाईनंतर दुसऱ्या खाचेत लावला की विंडोज कधी कधी त्याला नवा प्रिंटर समजतं. यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ येतं. जुनं नाव यूएसबी००१ पोर्टकडे (पोर्ट म्हणजे जोडणीची जागा) बघत बसतं, प्रिंटर मात्र यूएसबी००२ वर असतो. सॉफ्टवेअर जुन्याच नावाला प्रिंट देतं आणि रांग वाढत जाते. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन योग्य पोर्टला टिक करा आणि जास्तीचं नाव काढून टाका.

वायफाय प्रिंटरची गंमत वेगळी. लाइट जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि प्रिंटरला दुसराच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देऊ शकतो. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा आणि प्रिंटर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ने जोडा. विंडोज स्वतःहून बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट (नेटवर्कवर प्रिंटर आपोआप शोधणारा) घेतं, त्यावर माझा फारसा भरवसा नाही. आणि प्रिंटर छापतोय पण दिसतोय ऑफलाइन, असं असेल तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरला त्याची अवस्था विचारणारी सोय) टिक काढून बघा.

‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ हे मात्र सरळ बंदच करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडला जाणारा, होतो. सकाळी कोणी पीडीएफ बनवली असेल तर दुपारचं बिलही पीडीएफमध्येच जातं.

कागदाचा आकारही इथेच ठरवून टाका. काही ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लेटर साइज धरून बसतात (२१६ × २७९ मिमी), ट्रेमध्ये असतो ए४ (२१० × २९७ मिमी). प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट बघतो, मागची सगळी कामं खोळंबतात, आणि नाव स्पूलरचं खराब होतं. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये ए४ करा, वर्डच्या पेज सेटअपमध्येही करा. डॉट मॅट्रिक्सवर छापील बिलबुकं चालवणाऱ्यांनी ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या (कॉम्प्युटरवरच्या सगळ्या प्रिंटरची एकत्र सेटिंग) ‘फॉर्म्स’मध्ये आपल्या मापाचा कागद कायमचा नोंदवून ठेवावा.

ॲडव्हान्स्ड टॅबमधले खेळ

‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या ॲडव्हान्स्ड टॅबमधला ‘प्रिंट डायरेक्टली टु द प्रिंटर’ हा पर्याय रामबाण म्हणून सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्याने स्पूलिंग टळतं हे खरं, पण मग शेवटचं पान प्रिंटरने घेईपर्यंत सॉफ्टवेअर अडकून राहतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना हे परवडत नाही. मोठ्या फाइली मध्येच तुटत असतील तर ‘स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड’ निवडा. पहिलं पान जरा उशिरा येईल एवढंच.

‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ला टिक असेल तर आत्ताच काढा. झेरॉक्स किंवा ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात तर नक्कीच. ही टिक असली की छापून झालेलं प्रत्येक काम डिस्कवर राहतं. म्हणजे लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सगळं एसपीएल फाइलींमध्ये पडून. रांगेतून कोणीही ते पुन्हा छापू शकतं.

शिवाय जागा जाते ती वेगळीच. ए४ पान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० बिंदू) चित्र म्हणून तयार केलं तर सुमारे साडेतीन कोटी बिंदू होतात. रंगीत असेल आणि दाबून लहान केलं नसेल तर एकाच पानाला १०० एमबीच्या आसपास. म्हणून लहानशी स्कॅन पीडीएफसुद्धा रांगेत फुगते आणि सी ड्राइव्ह भरलेला असेल तर काम अर्ध्यात मरतं. मराठी पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन येतात तेव्हा ॲक्रोबॅट रीडरमधलं ‘प्रिंट ॲज इमेज’ कामी येतं, पण त्यानेही फाइल अशीच फुगते, हे धरून चाला. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधून स्पूल फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येतं. तसं केलंत तर त्या फोल्डरवर सगळ्या यूजरना लिहिण्याची परवानगी द्या, नाहीतर तुमच्या लॉगिनवर प्रिंट निघेल आणि मुलाच्या लॉगिनवर निघणार नाही.

सुरक्षेच्या नावाखाली

२०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची स्पूलरमधली मोठी त्रुटी उघड झाली. मायक्रोसॉफ्टला जुलैमध्ये तातडीचे अपडेट काढावे लागले, आणि तोवर स्पूलर बंद ठेवा असा सल्ला फिरत होता. तेव्हा ‘डिसेबल्ड’ केलेली सर्व्हिस काही मशीनवर अजून तशीच आहे. मग नवीन प्रिंटर बसत नाही आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ही चालत नाही. ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ करा, पण विंडोजचे अपडेट आधी घ्या.

शेअर केलेल्या प्रिंटरवर ०x०००००११बी हा एरर त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर गाजला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) एक आकडा बदला, अपडेटच काढून टाका, असले उपाय सर्रास सांगितले जातात. ते म्हणजे सुरक्षा काढून छपाई विकत घेणं. दोन्ही कॉम्प्युटर अपडेट करा, आणि प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर शेअरिंग सोडून तो थेट आयपीने जोडा.

एवढं करूनही स्पूलर चालू केल्या केल्या बंद पडत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर बिघडलाय. यादीतून प्रिंटर काढला तरी ड्रायव्हर आत राहतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये जा, पूर्वी कधीतरी विकून टाकलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हरही तिथे सापडतील. नको ते निवडून ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ करा, रीस्टार्ट करा, आणि नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या.