गावी येऊनही झोप लागत नाही? या चुका टाळा

नोकरी संपली की मालवणजवळच्या गावी जाऊन पोटभर झोपायचं, हे मी मुंबईत असताना वीस वर्षं घोकत होतो. गावी आलो आणि पहिल्याच आठवड्यात रात्री ३ वाजता डोळे टक्क उघडे. लोकलचा खडखडाट नाही, वरच्या मजल्यावरचा मिक्सर नाही. पण माडावरून झावळ पडली तरी छातीत धस्स व्हायचं. मग मी झोपेच्या हात धुऊन मागे लागलो. चुकलो ते तिथेच.

सगळ्यात मोठी चूक : लवकर आडवं होणं

गावात साडेआठला जेवणं उरकतात, ९ ला दिवे बंद. मीही ९ ला पडायचो आणि ६ ला उठायचो. अंथरुणात ९ तास, त्यात झोप जेमतेम साडेपाच. बाकीचा वेळ कूस बदलायची, वासे मोजायचे, घटकेघटकेला किती वाजले ते बघायचं. हे महिनोन्‌महिने चाललं की अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, अशी शरीराची पक्की समजूत होते. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकी एकदा म्हणाल्या, ‘‘झिला, झोप म्हणजे काय म्हस आसा, दाव्याक बांधून ठेवूक?’’

उपाय उलटाच आहे : अंथरुणातला वेळ कमी करा. झोपेचे अभ्यासक आर्थर स्पिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेली ही पद्धत. साडेपाच तास झोप होत असेल तर अंथरुणात सहाच तास राहायचं. म्हणजे साडेअकराला पडायचं, साडेपाचला उठायचं, रविवार असो की शिमगा. पडल्यापैकी साधारण ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र जाऊ नका. पहिला आठवडा वाईट जातो. दुपारी डोळे मिटतात, चिडचिड होते. अपस्मार (फिट येणं) किंवा बायपोलर आजार असेल, गाडी किंवा होडी चालवायची असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजच पुरे. मी माजघरात मंद दिवा लावून सुतळीचा गुंता सोडवत बसायचो. पेंग आली की परत अंथरूण. मोबाइल घेतलात तर संपलंच. गावच्या ग्रुपवर रात्री दीडलाही कोणी तरी भांडत असतं.

कूलर आणि बंद खिडक्या

मे महिन्यात घाटावरच्या पाहुण्याचं ऐकून मी कूलर आणला. पैसे पाण्यात. कूलर गार हवा देतो ती पाण्याची वाफ होते म्हणून. आपल्याकडे हवाच दमट, तिथे वाफ होणार किती? खोलीतला ओलावा तेवढा वाढतो आणि घाम आणखी सुकत नाही. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणं बरं. स्लॅबची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. कौलारू भाग असेल तर तिथे झोपा. मच्छरदाणी पातळ जाळीची घ्या. निजायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते.

मासे-भातानंतरची दोन तासांची झोप? अर्ध्या तासावर आणा, तीही ३ च्या आत. दुपारनंतरचा चहासुद्धा तोडा. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

जायफळ, क्वार्टर आणि गोळी

परसात जायफळाचं झाड, त्यामुळे सल्ला घराघरात तयार. दुधात दोन वेढे उगाळून घेतलं तर घ्या, बिघडत नाही. पण ‘आज जास्त घालू’ म्हणत चमचाभर पूड टाकू नका. जायफळ जास्त झालं की उलट्या, धडधड, भास होतात. क्वार्टरने झोप लवकर येते हे खरं, पण उत्तररात्री तीच झोप तुटते.

ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणणं ही सर्रास चालणारी गोष्ट. तिची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका; डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ साली सांगितलं की जुनाट निद्रानाशावर आधी गोळी नव्हे, तर सीबीटी-आय, म्हणजे वर सांगितलेल्या सवयी आणि विचार बदलण्याचे उपचार.

आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं असेल तर डॉक्टर गाठाच. घोरताना श्वास अडकतो का, पाय सारखे हलवावेसे वाटतात का, हेही सांगा. पाय वळवळण्यामागे लोहाची कमतरता असू शकते. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल, तर सकाळी चालेल का विचारा. माझ्या एका मेहुण्याचं निम्मं जागरण तेवढ्यानेच गेलं.

आणि जत्रेतल्या दशावताराची रात्र? ती सोडू नका. मी पहाटेपर्यंत बसतो, तास-दीड तास पडतो आणि साडेपाचला उठतो. दुपारी अर्धा तास डुलकी. त्या रात्री साडेअकराला मात्र अंथरुणाला पाठ टेकायचा अवकाश.