घरातले परागकण कमी करायचे तर आधी कूलरकडे बघा

तान्हा पोळा झाला, मारबत (रोगराई, इडापिडा घेऊन जाणारा पुतळा) निघाली की दोन-तीन आठवड्यांत आमच्या धाकट्याच्या शिंका सुरू व्हायच्या आणि थेट दिवाळीपर्यंत चालायच्या. सकाळी उठल्याउठल्या वीस-पंचवीस शिंका, डोळे लाल, नाक चोळून चोळून त्यावर आडवी रेघ उमटलेली. सासूबाई मारबतीला हात जोडून म्हणायच्या, "माह्या पोट्ट्याची सर्दी घेऊन जा गे मारबत!" सर्दी जाईना, कारण ती सर्दी नव्हतीच. डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली तेव्हा कळलं, गाजरगवत आणि हरळीसारख्या गवतांच्या परागकणांची अ‍ॅलर्जी आहे.

आम्ही नागपूरच्या बेसा भागात राहतो. घराच्या दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. सप्टेंबरात तिथे कमरेएवढं गाजरगवत उभं असतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. ते सगळं काही माझ्या हातात नाही. घर मात्र माझ्या हातात आहे.

मी एका कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये सहायक आहे. त्यामुळे मला एक गोष्ट करता आली. काचेच्या स्लाइडवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला आणि घरात चार ठिकाणी रात्रभर ठेवल्या: खिडकीच्या कट्ट्यावर, धाकट्याच्या उशीजवळ, देवघरात आणि बंद कूलरच्या तोंडासमोर. दुसऱ्या दिवशी सॅफ्रनिन या लाल रंगाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितल्या. गाजरगवताचा कण गोल असतो आणि अंगभर बारीक काटे. गवताचा कण गुळगुळीत, त्याला एकच भोक. देवघरातल्या स्लाइडवर शोधावे लागले. उशीजवळ बरेच होते. कूलरसमोरच्या स्लाइडवर ते काटेरी गोळे इतके होते, की मी मोजायचं सोडून दिलं. आणि कूलर तर जूनपासून बंद होता!

नागपुरात कूलर खिडकीत बसला की बसला. स्टँडवरून उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून बारा महिने तिथेच राहतो. पावसाळ्यात पंप बंद, पण तीन बाजूंच्या जाळ्या उघड्याच. म्हणजे घराला एक न लागणारी खिडकी झाली. त्यात ऑक्टोबरचा उकाडा वाढला की पाणी न भरता नुसता पंखा लावायची आपली सवय. नेमकं तेव्हा गाजरगवत फुललेलं असतं, आणि वाळलेल्या, धूळ बसलेल्या जाळ्यांतून ती हवा आपण झोपलेल्या पोराच्या तोंडावर सोडतो. हे मी स्वतः तीन वर्षं केलं.

म्हणून पोळ्याच्या आठवड्यात हे उरकून टाका. टाकीतलं पाणी काढा. जुन्या गवताच्या जाळ्या आधी पाणी मारून ओल्या करा, मगच काढा, म्हणजे धूळ उडणार नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला त्या वेळी तिथे थांबू देऊ नका. बाहेरून ताडपत्री सुतळीनं आवळून बांधा. आतून तोंडाच्या मापाचा पुठ्ठा कापून चारही कडांना रुंद टेप लावा. कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यातली फट लोक विसरतात. तिथे थर्माकोलची पट्टी बसते.

उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. कूलर चालू असताना तो खोलीत हवा ढकलतो आणि ती समोरच्या उघड्या खिडकीतून बाहेर जाते, म्हणजे बाहेरची हवा येते ती बहुतेक जाळ्यांतूनच. जाळ्या सगळीकडून सारख्या ओल्या असतील तर बरेचसे मोठे कण त्यांना चिकटतात. पण वरच्या पाइपची भोकं आपल्या खाऱ्या पाण्यानं बुजतात आणि जाळीवर कोरडे पट्टे पडतात. दर आठवड्याला सुईनं भोकं मोकळी करा आणि त्याच दिवशी टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. डासांसाठीही ते करायचंच असतं. ज्याची अ‍ॅलर्जी फेब्रुवारी-मार्चमध्ये उसळते त्यानं वावळ्याच्या झाडाकडे संशयानं बघावं. त्याचा मोहोर दिसतही नाही, पण पराग वाऱ्यावर उडतो. पळस, गुलमोहर यांना लोक उगाच नावं ठेवतात. डोळ्यांत भरणाऱ्या फुलांचा पराग जड, चिकट असतो, तो पाखरं आणि किडे नेतात.

आता घराच्या आतलं. परागकण धुरासारखा तरंगत राहत नाही. गाजरगवताचा कण साधारण 15 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गवताचा त्याहून मोठा. हवा स्थिर असेल तर डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणजे तो हवेत कमी आणि फरशीवर, चादरीवर, केसांत जास्त असतो. आपणच तो परत उडवतो. माझं ठाम मत आहे, की या दोन महिन्यांत कोरडा झाडू झोपायच्या खोलीत आणूच नये. ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, बादलीतलं पाणी दोनदा बदलायचं, आणि हे मूल शाळेत असताना करायचं. छताच्या पंख्याच्या पात्यांना जुनी उशीची खोळ चढवून ओढून घ्या. सगळा थर खोळीत येतो, पलंगावर पडत नाही.

सगळं घर राखायला जाऊ नका, दमून जाल आणि सोडून द्याल. झोपायची एक खोली धरा. चपला, दप्तर, बाहेरचे कपडे तिच्या दाराबाहेर. धाकटा खेळून आला की थेट न्हाणीघरात, आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उशीला डोकं नाही. एवढ्या एका गोष्टीनं सकाळच्या शिंका निम्म्यावर आल्या. खोळ दर दोन दिवसांनी बदलते. चादरी गच्चीवर वाळत घालणं मात्र मला फार जड गेलं सोडायला. ऊन मिळालेल्या चादरीचा वास मलाही आवडतो. पण ओला कपडा म्हणजे माझी व्हॅसलीन लावलेली स्लाइडच, उडणारं सगळं धरून ठेवतो. आता पोळा ते दिवाळी कपडे घरातच, हॉलमध्ये स्टँडवर वाळतात.

खिडक्यांची मच्छरजाळी परागकण अडवत नाही, तिची भोकं कणाच्या कितीतरी पट मोठी. कोरडं, वाऱ्याचं हवामान असेल तर सकाळपासून दुपारपर्यंत झोपायच्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या. चांगला पाऊस पडून गेला की लगेच उघडा, तेव्हा हवा धुतलेली असते. स्वयंपाकघराची खिडकी मात्र गॅस चालू असताना बंद ठेवू नका. स्प्लिट एसी असेल तर तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे चालतो. त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. उदबत्ती आणि धूप आम्ही त्या दिवसांत अंगणातल्या तुळशीपाशी लावतो. सुजलेल्या नाकाला धूर सोसत नाही.

एअर प्युरिफायर आम्ही सगळ्यात शेवटी घेतला, आणि तोच क्रम मी सांगेन. घ्यायचाच असेल तर हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा घ्या, ओझोन सोडणारा नको. माप असं काढा: 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली म्हणजे 1200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं त्याचं माप, 170 घनमीटर प्रति तास तरी हवा. दार उघडं ठेवून लावला तर पैसे वाया.

संध्याकाळी नाक धुणं आम्हाला लागू पडलं. पाच मिनिटं उकळून कोमट केलेलं कपभर पाणी, पाव ते अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. नळाचं किंवा बोअरचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नका. डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो मोसम सुरू व्हायच्या आधीपासून आणि रोज घ्यावा लागतो; त्रास झाला त्या दिवशी मारून उपयोग होत नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला किंवा रात्री खोकल्यानं झोपमोड व्हायला लागली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्लॉटातल्या गवताचंही थोडंफार करता येतं. ऑगस्टमध्ये, फुलं धरण्याआधी, पाऊस पडून माती मऊ झाली की आमच्या ले-आउटमधली चार-पाच घरं मिळून घराजवळचा पट्टा मुळासकट उपटतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. उघड्या हातांना त्याची खाज सुटते. उपटलेलं जाळत नाही, खड्ड्यात पुरतो. त्या दिवशी धाकट्याला सकाळीच शहरातल्या महाल भागात आत्याकडे पाठवते, आणि आमच्या सगळ्यांच्या अंघोळी होऊन फरशी पुसून झाली की संध्याकाळी घेऊन येते.