जोडीनं बोटॉक्सला जा, पण डॉक्टरांसमोर एकेकटे बसा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी तीस वर्षं हळकुंड मोडून आतला रंग बघण्यात गेली. उन्हात डोळे बारीक करायचे, भुवया आवळायच्या, मग भाव बोलायचा. त्यातून दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या बसल्या. गेल्या दिवाळीत नात मांडीवर बसून म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?" मी रागावलो नव्हतो. पण ते वाक्य मनातून जाईना. बायकोला तिच्या डोळ्यांच्या कडेच्या रेषा खटकत होत्याच. यार्डातला माझा जुना मित्र आप्पा म्हणाला, "तुम्ही दोघं जाताय, तर मीही येतो." असे आम्ही तिघं मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आता ओळखीचे पुरुष मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

औषध काय आहे ते आधी समजून घ्या. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूचं विष, अगदी सूक्ष्म मात्रेत. नसेकडून स्नायूला 'आवळ' म्हणून जो निरोप जातो तो काही महिने अडवला जातो. स्नायू सैल पडतो आणि वरची कातडी दुमडायची थांबते. अमेरिकेत १९८९ साली याला मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स पापण्यांसाठी ही इंजेक्शनं देत असताना एका रुग्णाच्या आठ्याही गेल्याचं दिसलं. खास आठ्यांसाठीची मान्यता २००२ साली आली.

यावरून एक गोष्ट कळते. चेहरा हलवला की उमटणाऱ्या रेषांवर हे चालतं. चेहरा स्वस्थ असतानाही खोल राहणारी रेष थोडी मऊ होईल, पुसली जाणार नाही. घरी आरशासमोर आधी कपाळ आवळून आणि मग सैल सोडून बघा, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील.

इंजेक्शन त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडूनच घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का ते विचारा. आम्हाला एका पार्लरमध्ये 'जोडीनं आलात तर निम्म्यात करू' असं सांगितलं होतं. औषध कोणत्या कंपनीचं, बाटली फ्रीजमध्ये ठेवता का, टोचणार कोण, यातल्या एकाचंही धड उत्तर मिळेना. आम्ही तिथून उठलो. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं आणि सलाईनमध्ये मिसळलं की आमच्या बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे २४ तासांत वापरायचं असतं. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, बॅच नंबर आणि मुदत आपल्या कागदावर लिहून घ्या. दर युनिटवर ठरतो, पण एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं. त्यामुळे दोन दवाखान्यांचे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

आता जोडीनं जाण्याबद्दल, कारण चूक होते ती इथेच. आम्ही तिघं एकदमच केबिनमध्ये शिरलो. डॉक्टर मॅडमनी काय आजार, काय गोळ्या, असं विचारलं. आप्पा म्हणाला, "मला काही नाही." मॅडमनी शांतपणे सांगितलं, "आता एकेक जण थांबा, बाकीचे बाहेर बसा." एकटं बसल्यावर आप्पानं सांगितलं, की अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. वहिनींसमोर आणि मित्रासमोर त्याला ते बोलवलं नव्हतं. त्या गोळ्यांनी टोचलेल्या जागी काळंनिळं होतं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्या बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. नसा-स्नायूंचा आजार, विशेषतः मायस्थेनिया ग्रॅव्हिस, चालू असलेली अँटिबायोटिक इंजेक्शनं, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग, पूर्वीची अ‍ॅलर्जी, बाईमाणसाच्या बाबतीत गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, हे सगळं डॉक्टरांना कळलंच पाहिजे. म्हणून सोबत जा, पण तपासणीला एकेकटे बसा. नवरा-बायको असलात तरी.

दुसरं, शेजारच्याला जेवढं दिलं तेवढंच मला द्या असं म्हणू नका. पुरुषाचे स्नायू सहसा जाड असतात, औषध जास्त लागतं. बायकोला आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून २० युनिट, मला ३०. तिच्या डोळ्यांच्या कडेला दिलं, मला तिथे गरज नव्हती. कपाळावरच्या आडव्या रेषांचं मी विचारलं तर मॅडमनी नको म्हटलं. माझ्या वरच्या पापण्या वयानं जड झाल्यात, त्या उचलायला मी नकळत कपाळाचा स्नायू वापरतो. तो सैल केला तर भुवया खाली येतील आणि मी कायम झोपेत असल्यासारखा दिसेन. पुरुषाची भुवई सपाट असते, ती कमानदार करू नका, हेही आधीच बोलून घ्या.

प्रत्यक्ष टोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मुंगी चावल्यासारखं वाटतं. इथे मात्र जोडीचा उपयोग झाला. माझं होत असताना बायको हात धरून बसली होती आणि नंतरच्या सूचना तिनंच लिहून घेतल्या, मला निम्म्या आठवल्या नसत्या.

त्या सूचना अशा. चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही. त्या दिवशी व्यायाम नाही, कपाळावर घट्ट टोपी नाही, सलूनमध्ये चंपी तर मुळीच नाही. परतताना आम्ही गणपती मंदिरात गेलो, पण उंबऱ्यावर डोकं न टेकता हात जोडूनच नमस्कार केला. एकदोन दिवस डोकं दुखू शकतं. क्वचित पापणी खाली येते, ती काही आठवड्यांत सावरते, पण डॉक्टरांना लगेच दाखवा. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. त्यामुळे घरात लग्न असेल तर किमान महिनाभर आधी जा, म्हणजे कमी-जास्त सुधारायला वेळ राहतो. हळदीच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

आप्पानं दोन दिवस विचार करून नको ठरवलं. त्याच्या रेषा चेहरा स्वस्थ असतानाही खोल होत्या आणि मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही त्याला एका शब्दानंही आग्रह केला नाही. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. बायकोचा आधी उतरला, माझा अजून आहे. म्हणून गेल्या आठवड्यात मिरजेला इंजेक्शन तिनंच घेतलं. मी सोबत गेलो होतो, सूचनांचा कागद या वेळी माझ्या हातात होता.